संधिवातातील पुनर्वसनाची वैयक्तिक उद्दिष्टे (खानदेश)

ऱ्हुमॅटॉइड संधिवात (शरीराची प्रतिकारशक्तीच सांधे सुजवते तो), अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (पाठीचा कणा आखडवणारा संधिवात), सोरायसिस या त्वचारोगासोबत येणारा संधिवात किंवा चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी अंगावर वागवणाऱ्या माणसाने, आपल्याला नेमके कोणते काम पुन्हा जमायला हवे हे स्वतः ठरवून थेरपिस्टच्या मदतीने लिहून ठेवण्याची पद्धत. औषध सांध्यातला दाह आवरते. हात पुन्हा कामाला लागण्यासाठी मात्र निराळे कष्ट घ्यावे लागतात, आणि ते कुठे घ्यायचे हे या उद्दिष्टावरून ठरते.

तपासणीच्या खोलीत बहुतेक जण एकच मागणे मागतात : दुखणे जाऊ द्या. मागणे रास्त आहे, पण त्यावरून व्यायाम ठरवता येत नाही. ‘काय करायचे राहून गेले?’ असे विचारले की बोलणे मोकळे होते. १९९१ मध्ये कॅनडात तयार झालेल्या एका मापनपद्धतीत रुग्ण स्वतःची अडलेली कामे सांगतो आणि त्यांचे महत्त्व, आज ती किती जमतात आणि त्याबद्दलचे समाधान यांना १ ते १० गुण देतो. ‘हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’ (१९८०) ही प्रश्नावली कपडे घालणे, उठणे, जेवणे, चालणे अशी ठरलेली कामे विचारते. तिचा उपयोग आहेच, पण खापरावर मांडे टाकता येतात का, हे ती विचारणार नाही.

खानदेशातल्या घरात हा प्रश्न लहान नाही. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायचा. यात मनगट मागे वळावे लागते, बोटे पसरावी लागतात, खांदा उचललेला ठेवावा लागतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवात नेमके हेच सांधे धरतो. समजा, एखाद्या बाईने संक्रांतीला ठरवले : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतील तेव्हा पाच मांडे मी टाकीन. किती, केव्हा आणि कोणासाठी, हे सगळे त्या एका वाक्यात आले. उद्दिष्ट किती साधले हे उणे दोन ते अधिक दोन असे मोजणारी एक श्रेणी १९६८ मध्ये किरेसुक आणि शर्मन यांनी मांडली; तिच्यात ते असे बसेल : आज मांडा हातावर पेलतच नाही, म्हणून उणे दोन, दोन जमले तर उणे एक, पाच म्हणजे शून्य, अर्थात ठरल्याप्रमाणे, आठ म्हणजे अधिक एक, अख्खा घाणा एकटीने काढला तर अधिक दोन. मग आखाजीपासून मागे मोजत यायचे. आधी बोटांच्या आणि मनगटाच्या हालचाली, मग पकडीची ताकद, मग नुसत्या कणकेचा छोटा उंडा. ‘सारा’ या ब्रिटिश चाचणीत (लॅन्सेट, २०१५) ४९० ऱ्हुमॅटॉइड रुग्णांपैकी ज्यांना हातांचा ताणाचा व ताकदीचा व्यायाम शिकवला, त्यांचे हात वर्षभरानंतरही इतरांपेक्षा चांगले चालत होते.

कापूस वेचणाऱ्या मजूर बाईचे माप तर आधीच ठरलेले असते, कारण मजुरी किलोवर मिळते. अंगठा आणि दोन बोटांची चिमूट करून बोंडातून कापूस ओढायचा, तोही दिवसभर. ‘दिवसाला किती किलो’ हा आकडा तिला तोंडपाठ असतो आणि थेरपिस्टने तोच वापरावा. नवे कोष्टक शिकवत बसू नये.

वेळेचा पेच मात्र इथे खास आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे शेताची कामे पहाटे उरकतात. या आजारात सांधे सर्वांत आखडलेले असतात तेही सकाळीच, अनेकदा तासभर किंवा अधिक. ‘रोज पहाटे अर्धा तास चालणे’ असे छापील उद्दिष्ट म्हणूनच इथे मोडते. उन्हाळ्यात चालणे दिवेलागणीनंतर ठेवावे आणि सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हलवण्यापुरतेच मागावे.

उद्दिष्ट कोणाचे, यावरही बरेच अवलंबून असते. बाईला प्रश्न विचारला की उत्तर सोबतचा मुलगा किंवा नवरा देतो : आता तिला काय करायचंय, सून आहे ना घरात. हे मायेनेच म्हटलेले असते, पण त्यात तिचे काम तिला न विचारता काढून घेतले जाते. म्हणून निदान पाच मिनिटे तिच्याशी एकटीशी, आणि जमत असेल तर अहिराणीत, बोलावे. जिल्ह्याच्या गावाबाहेर ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ, सहसा भेटत नाही. तिथे हे काम फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टरलाच करावे लागते.

आजार उसळला, सांधे गरम होऊन सुजले, की ताकदीचे व्यायाम थांबवून फक्त हलक्या हालचाली ठेवतात. तारीख पुढे ढकलली जाते, उद्दिष्ट खोडायचे नसते. औषध मनाने बंद करणे हे उसळण्याचे एक नेहमीचे कारण आहे, म्हणून मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे औषध चालू असेल तर ‘मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी’ हेही त्याच कागदावर लिहावे. चार-सहा आठवड्यांनी कागद पुन्हा काढतात. मनगटाचा सांधा कायमचा झिजला असेल तर पद्धत बदलते : मांडा हातावर वाढवण्याचे काम सुनेकडे जाते आणि सासू चुलीजवळ उंच स्टुलावर बसून पुरण किती घट्ट हवे, खापर किती तापू द्यायचे, मांडा केव्हा उचलायचा ते सांगते. कागदावर त्या ओळीपुढेही आखाजीचीच तारीख राहते.