१२० पानं झालीत, आता सोडायचं कसं?

पुस्तक आवडत नाहीये हे बहुतेकांना पहिल्या चाळीस-पन्नास पानांतच कळलेलं असतं, तरी ते काही बॅगेतून निघत नाही. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून वाशी-पनवेल पकडणाऱ्यांत असे लोक रोज दिसतात, विंडो मिळाली की पुस्तक उघडायचं, ऐरोलीपर्यंत दोन पानं, मग मोबाईल, घणसोलीला मनाला लागतं म्हणून परत पुस्तक आणि कोपरखैरणे येईपर्यंत तेच पान पुन्हा वरपासून. सोड ना मग, असं कोणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं, अरे १२० पानं झालीयेत, आता सोडायचं कसं.

नीट बघितलं तर ह्या उत्तरात पुढची २०० पानं कशी असतील ह्याबद्दल एक अक्षर नाहीये. आहे ते सगळं मागचं. गेलेला वेळ आणि गेलेले पैसे काहीही केलं तरी परत येत नाहीत, अर्थशास्त्रात ह्याला बुडीत खर्च म्हणतात, आणि कुठलाही अर्थशास्त्राचा मास्तर सांगेल की निर्णय घेताना तो मोजायचाच नाही, पुढे काय मिळणार आणि पुढे काय जाणार एवढंच बघायचं. सांगायला काय जातंय. माणसं असं वागत नाहीत आणि ते का वागत नाहीत हा भाग मला ह्या सल्ल्यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतो.

सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग नाटकाच्या तिकिटांचा आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर ह्यांनी तो अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या थिएटरवर केला आणि १९८५ साली छापला. सीझनचं तिकीट १५ डॉलरचं होतं. खिडकीवर आलेल्या पहिल्या ६० जणांपैकी काहींना पूर्ण किमतीत दिलं, काहींना २ डॉलर कमी करून आणि काहींना ७ डॉलर कमी करून, कोणाला काय मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण पहिल्या पाच नाटकांना पूर्ण पैसे भरलेले लोक सरासरी चारच्या थोडं वर गेले आणि डिस्काउंटवाले साधारण सव्वातीन. म्हणजे घरात बसावंसं वाटत असताना ‘पैसे भरलेत’ हा विचार माणसाला उठवून थिएटरपर्यंत नेतो. गडकरी रंगायतनचं महागाचं तिकीट काढलेला माणूस धो धो पावसात, तीनहात नाक्याच्या ट्रॅफिकमधून का होईना पण पोचतो, पास फुकट मिळालेला बघू म्हणतो आणि राहतो, हे आपल्याला प्रयोगाशिवायही माहीत होतं म्हणा. पण ह्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, सीझनच्या उत्तरार्धात हा फरक जवळजवळ पुसला गेला. पैसे गेल्याची टोचणी बोथट होत जाते. गेल्या आठवड्यात साडेचारशे रुपयांना घेतलेली कादंबरी सोडताना जीव खाली-वर होतो, आणि कपाटात पाच वर्षं पडलेली न वाचलेली कादंबरी आपण रद्दीवाल्याला बिनदिक्कत देतो, किंमत दोन्हीची तीच.

बरं हा फक्त माणसाचा वेडेपणा आहे का, तर हा वाद प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांत सत्तरच्या दशकात सुरू झाला. रिचर्ड डॉकिन्स आणि कार्लाईल ह्यांनी १९७६ साली ‘नेचर’मध्ये एक टिपण लिहिलं, की आईबाप प्राण्याने पिल्लावर आजवर किती खर्च केला ह्यावरून तो पुढे पिल्लू सोडेल की नाही हे ठरवणं म्हणजे काँकॉर्डसारखं झालं. काँकॉर्ड म्हणजे ब्रिटन आणि फ्रान्सचं आवाजापेक्षा वेगाने उडणारं विमान, करार १९६२ चा, खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, फायदा होणार नाही हे दिसत होतं, तरी एवढे घातलेत आता मागे कसं फिरायचं म्हणून दोन्ही सरकारं पैसे घालत राहिली. तेव्हापासून ह्या चुकीला विमानाचंच नाव पडलं.

मग १९८० साली डॉकिन्स आणि जेन ब्रॉकमन ह्यांनी एका गांधीलमाशीकडे बघून प्रश्न विचारला, की ही काँकॉर्डची चूक करते का. ही सोनेरी केसांची, जमिनीत बीळ खोदणारी गांधीलमाशी. मादी बीळ खोदते, नाकतोड्यासारखे हिरवे कीटक नांगी मारून लुळे करते, ओढत आणून बिळात साठवते आणि त्यावर अंडं घालते. कधीकधी दोन माद्या नकळत एकाच बिळात माल भरत राहतात, आणि एक दिवस दोघी समोरासमोर येतात. मग मारामारी, आणि जिंकेल तिला बीळ आणि आतला सगळा साठा. हिशोबाने बघितलं तर बिळात एकूण जितका जास्त माल तितकं जास्त भांडायला पाहिजे, तो कोणी आणला ह्याला काय अर्थ आहे. पण तसं दिसलं नाही. प्रत्येक माशी किती वेळ चिवटपणे भांडेल हे तिने स्वतः किती कीटक वाहून आणलेत त्यावर ठरत होतं.

पहिल्यांदा वाचलं तर वाटतं, घ्या, माशीपण आपल्यासारखीच. पण ह्या दोघांनी पुढे मांडलेलं मला जास्त पटतं. माशीला बिळातला एकूण साठा बहुधा मोजताच येत नसावा. आपण स्वतः किती खेपा केल्या एवढंच तिच्याकडे आहे, आणि जास्त खेपा म्हणजे बीळ जास्त भरलेलं हा अंदाज बऱ्याच वेळा बरोबरही निघणार. म्हणजे मागची मेहनत हा पुढच्या फायद्याचा एक मोडकातोडका पण हाताशी असलेला अंदाज आहे. पुस्तकाचंही थोडंफार हेच. उरलेल्या २०० पानांत काय आहे ते दिसत नाही, झालेली १२० मात्र बोटाला जाड लागतात, बुकमार्क कुठपर्यंत आलाय ते दिसतं. जे मोजता येतं ते आपण मोजतो.

२०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलेला एक अभ्यास तर पुस्तकवाल्यांनी भिंतीवर लावावा असा आहे. मिनेसोटा विद्यापीठातले ब्रायन स्वाइस आणि डेव्हिड रेडिश ह्यांच्या टीमने उंदरांसाठी चार ‘रेस्टॉरंट’ बांधली, एकात चॉकलेटचे दाणे, एकात केळ्याचे, एकात द्राक्षाचे, एकात साधे. दारात गेलं की एक सूर वाजतो, त्यावरून उंदराला कळतं की इथे किती थांबावं लागेल, १ सेकंदापासून ३० सेकंदांपर्यंत. दारातच उभं राहून ठरवायचं, आत जायचं की पुढच्या हॉटेलात. आत गेलं की उलटी मोजणी सुरू, आणि तिथूनही कधीही उठून जाता येतं. दिवसाचा वेळ ठरलेला, तेवढ्यातच पोट भरायचं. माणसांसाठी खाण्याऐवजी व्हिडिओ ठेवले, मांजरीची पिल्लं, डान्स, निसर्ग आणि सायकलचे अपघात, आणि डाउनलोडची सरकणारी पट्टी.

हाच प्रयोग मोठ्या जातीच्या उंदरांवरही केला, आणि छोटे उंदीर, मोठे उंदीर आणि माणसं, तिघांचंही सारखंच निघालं. समजा अजून १० सेकंद उरलेत, तर ज्याने आधीच २० सेकंद घालवलेत तो, ५ सेकंद घालवलेल्यापेक्षा जास्त चिकटून बसतो, पुढे थांबायचं तेवढंच असूनही. पण गंमत अशी की हा चिकटपणा फक्त आत गेल्यावरच्या वेळेचा होता. दारात उभं राहून, जाऊ की नको करत घालवलेला वेळ कोणी धरलाच नाही, तो कितीही असो.

पुस्तकाला लावून बघा. दुकानात किंवा लायब्ररीच्या रॅकपाशी उभं राहून पंधरा मिनिटं चाळलं तर ते पुस्तक परत ठेवताना काही वाटत नाही. तीच पंधरा मिनिटं घरी खुर्चीत बसून ‘वाचायला सुरुवात’ म्हणून घालवली की मीटर चालू. म्हणून मला वाटतं सोडावं की संपवावं हा प्रश्न शक्यतो दारातच निकालात काढलेला बरा, पहिलं प्रकरण उभ्याउभ्या, मधलं एखादं पान, आणि मगच नावावर घ्यायचं.

आमच्या नौपाड्यातल्या लायब्ररीत रिटायर्ड मंडळी हेच करतात. चार पुस्तकं काढायची, टेबलावर मांडायची, एकेकाची पाच-सात पानं वाचायची, तीन परत. काउंटरवरचे काका विचारतात, "हे काय, गेल्या वेळचं झालं नाही?" "नाही हो, जमलं नाही, बदलून द्या." "द्या इकडे." विषय संपला. मागे उभा कॉलेजचा मुलगा मात्र तेच पुस्तक तिसऱ्यांदा रिन्यू करत असतो. ह्यालाही संशोधन आहे. जोनेल स्ट्रफ आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तरुण आणि वयस्कर लोकांना विचारलं होतं की पैसे देऊन लावलेला पिक्चर पाचच मिनिटांत बोर झाला तर किती वेळ बघाल, आणि बुडीत खर्चाच्या नादी लागण्यात वयस्कर मंडळी कमी निघाली. आजोबांना वेळ भरपूर असतो म्हणून ते कसलंही वाचतात हा आपला गैरसमज आहे.

आता दुसरी बाजू, कारण ‘आवडत नाही? सोडा!’ असं सरसकट सांगणारे लोकही मला थोडे उथळ वाटतात. कधी उठावं ह्याचा एक नियम परिस्थितिविज्ञानात, म्हणजे इकॉलॉजीत आहे, एरिक चारनोव्ह ह्यांनी १९७६ साली मांडलेला. येऊरला मे महिन्यात करवंदं काढायला गेलात तर एका जाळीवरची शेवटची करवंदं संपेपर्यंत कोणी थांबत नाही, हाताला मिळण्याचा वेग कमी झाला की पुढच्या जाळीकडे वळतो. चारनोव्हचा नियम असा, की इथला वेग हा एकूण परिसरात, चालण्याचा वेळ धरून, सरासरी जो वेग मिळतो त्याच्याइतका खाली आला की निघायचं. आणि पुढची जाळी लांब असेल तर इथे जास्त वेळ थांबणं शहाणपणाचं. आपल्या साळुंकीच्या भावकीतल्या स्टार्लिंग पक्ष्यांवर अलेहांद्रो कासेल्निक ह्यांनी हे तपासलं, खाणं घरट्यापासून जितकं लांब तितक्या जास्त अळ्या पक्षी एका खेपेत गोळा करत होते, नियमाच्या बऱ्यापैकी जवळ.

ह्यातून एक गोष्ट छान उलगडते. कोकणात गावी, लाईट गेलेली आणि घरात एकच कादंबरी, तर ती आपण संपवतो आणि वर बरी होती म्हणतो. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, दोन-चार स्टेशनांवर दुकानं आहेत, आणि खिशातल्या मोबाईलमध्ये पुढचं पुस्तक (आणि पुढचं रील) एका टॅपवर. पुढची जाळी शून्य अंतरावर आली, त्यामुळे ह्या पुस्तकाकडून आपली मागणी वाढली. पुस्तकं काही बिघडलेली नाहीत.

पण जाळीचं गणित पुस्तकाला पूर्ण बसत नाही हेही खरं. करवंदं काढत गेलं की कमीच होतात, कादंबरी मात्र दीडशे पानं माणसं ओळखीची करून देण्यात घालवते आणि मग पकडते. तेव्हा आत्ता कंटाळा येतोय एवढ्यावर न जाता कंटाळा कसला आहे ते बघावं. अवघड आहे म्हणून दमायला होतंय पण दोन पानांनी काहीतरी हाती लागतंय, तर थांबा. डोळे फिरतायत आणि आत काहीच जात नाहीये, तर ती वेगळी अवस्था आहे, आणि ती मोजलेलीही आहे. एरिक राइकल आणि जोनाथन स्कूलर ह्यांच्या गटाने २०१० साली चार जणांना प्रयोगशाळेत आख्खी कादंबरी वाचायला लावली, डोळ्यांची हालचाल टिपत. लक्ष देऊन वाचताना नजर लांबलचक किंवा अनोळखी शब्दावर जास्त थांबते, सोप्यावरून घसरत जाते. मन भटकलं की हा फरक कमी होतो, शब्द कोणताही असो, नजर आपली यांत्रिकपणे रेंगाळत पुढे जाते. म्हणजे पानं उलटली हा वाचल्याचा पुरावाच नाही, आणि ज्या १२० पानांपायी पुस्तक सोडवत नाही त्यातली कितीतरी खरं तर वाचलेलीच नसतात.

भेट मिळालेल्या पुस्तकाचं आणखी वेगळं. ख्रिस्तोफर ऑलिव्होला ह्यांनी २०१८ साली दाखवलं की खर्च दुसऱ्याने केला असला तरी आपण अडकतो. आत्याने वाढदिवसाला दिलंय, पहिल्या पानावर तिच्या अक्षरात ‘चि. ला सप्रेम’ आहे, ते कसं सोडणार. ह्याला माझ्याकडे उपाय नाही, आत्या विचारणारच.

आणि सोडल्यावर डोक्यात भुणभुण राहते त्याचं काय? ब्लूमा झायगार्निक ह्यांनी १९२७ साली बर्लिनमध्ये सांगितलं की अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात, आणि हे वाक्य आजही सगळीकडे फिरतं. पुढे अनेकांनी करून बघितलं तेव्हा हे काही पक्कं टिकलं नाही. टिकलं ते त्यांच्याच बरोबरीच्या मारिया ओव्हसिआंकिना ह्यांचं, की मध्येच तोडलेलं काम संधी मिळाली की माणूस आपणहून परत हातात घेतो. तेव्हा ओढ खरी आहे, पण ती पुरं करण्याची ओढ आहे, आवडीची नाही. नुसतं शेवटी काय होतं एवढंच खात असेल तर सरळ शेवटचं प्रकरण वाचून टाका. २०११ साली कॅलिफोर्नियात लेविट आणि क्रिस्टनफेल्ड ह्यांनी लघुकथांचा शेवट लोकांना आधीच सांगून टाकला तर त्या कथा लोकांना उलट जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. पुढच्या काही प्रयोगांत निकाल उलटेही आलेत, तेव्हा आवडत्या पुस्तकावर हा प्रयोग करू नका. पण जे नाहीतरी परत करायचंय त्याचा खुनी कोण हे वाशी स्टेशन यायच्या आत बघून घ्यायला काय हरकत आहे.