प्रोसेसर बोर्डवर चालवताय? फोन करायच्या आधी हे वाचा

आमच्या सांगलीच्या दुकानातून एफपीजीए बोर्ड (ज्याच्या चिपवर कोड लिहून आपलं सर्किट उतरवता येतं तो) नेणारी बहुतेक इंजिनिअरिंगचीच पोरं, विश्रामबागेतली, मिरजेची, इस्लामपूरची, आणि नंतरचा फोन ठरलेला, सर सिम्युलेशनला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चाचणीत, सगळं बरोबर येतंय पण बोर्डवर काहीच होईना. बोर्ड खराब निघाला तर बदलून देतोच, पण तसं क्वचित होतं.

समजा बेसिस ३ बोर्ड आहे नि तुम्ही आठ बिटचा साधा प्रोसेसर केलाय, चार बिट ऑपकोड (काय करायचं त्याचा नंबर), चार बिट अ‍ॅड्रेस, म्हणजे मेमरी १६ बाइटची. पहिला प्रोग्रॅम ५ आणि ७ च्या बेरजेचाच ठेवा, लोड, अ‍ॅड, आउट, हॉल्ट, म्हणजे आकडा घे, मिळव, दाखव, थांब. उजवीकडच्या आठ एलईडींवर ००००११००, म्हणजे बायनरीतला १२, आलं की जिंकलात.

पण बोर्डचं क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोके, चार ओळी कधी संपल्या ते कळतपण नाही, त्यामुळं प्रोग्रॅम काउंटर (कितवी ओळ चालू आहे तो आकडा) डावीकडच्या चार एलईडींवर काढा आणि बटणानं एकेक स्टेप चालवा. आता बटण एकदा दाबलं तरी आतला कॉन्टॅक्ट थरथरतो, प्रोसेसरला वाटतं चारपाच वेळा दाबलं, काउंटर ०००१ वरून डायरेक्ट ०११० ला गेला तर डिबाउन्स, म्हणजे ही थरथर गाळणं, राहिलाय समजा. सिग्नल १०-२० मिलिसेकंद स्थिर असेल तरच तो धरा. आणि बटण थेट क्लॉकला जोडायचं नाही हं, क्लॉक तेच ठेवून बटणावरून एनेबल, म्हणजे एक स्टेप चालवायची परवानगी देणारा सिग्नल, द्यायचा.

हुशार पोरं अडकतात ती मेमरीत. मेमरी मोठी करून ब्लॉक रॅममध्ये (चिपमधल्या तयार मेमरीत) टाकली की अ‍ॅड्रेस दिल्यावर डेटा लगेच येत नाही, पुढच्या क्लॉकला येतो, मग प्रोसेसर जुनीच इन्स्ट्रक्शन चालवत बसतो. फेचमध्ये, म्हणजे इन्स्ट्रक्शन आणायच्या टप्प्यात, थांबायची एक स्टेट वाढवा, काम होतं.

एक्सडीसी फाइलमध्ये (कुठला सिग्नल चिपच्या कुठल्या पिनला ते इथं लिहितात) क्लॉकची पिन डब्ल्यू ५ आहे का आणि पोर्टची नावं कोडशी जुळतात का ते बघा. सेव्हन सेगमेंट, म्हणजे आकडे दाखवणारा डिस्प्ले, उलटा चालतो, ० दिलं की लागतो.

लाइट गेली नि डिझाइन उडालं? उडणारच, जेटॅगनं, म्हणजे केबलवरून थेट चिपमध्ये, टाकलेलं पॉवर असेपर्यंतच राहतं. कायम ठेवायचं तर फ्लॅशमध्ये (बोर्डवरच्या कायमच्या मेमरीत) टाका आणि जेपी१ जंपर क्यूएसपीआयवर (त्या फ्लॅशवरून सुरू व्हायच्या सेटिंगवर) करा.

एवढं करूनही अडलं तर प्रोजेक्टचं फोल्डर आणि टायमिंग रिपोर्ट घेऊन दुकानात या, त्यात डब्ल्यूएनएस (सगळ्यात हळू मार्गाला क्लॉकच्या ठोक्यात उरलेला वेळ) मायनस असेल तर निम्मं उत्तर तिथंच आहे. येताना केबलपण आणा, नुसत्या चार्जिंगच्या, डेटा न नेणाऱ्या केबलवर रात्र काढलेले लई जण येतात आमच्याकडं.