शंभर गुणांची वाटणी

वर्षअखेरीची संगीताची यादी म्हटली की आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना बिनाका गीतमाला आठवते. रेडिओ सिलोनवर १९५२ साली ती सुरू झाली आणि पुढच्याच वर्षापासून वार्षिक क्रमवारीही लागू लागली. पण रेकॉर्डचा खप आणि श्रोत्यांची पसंती यांवर ठरणाऱ्या यादीत तीच गाणी येणार, जी आधीच घराघरांत पोचली आहेत. न ऐकलेलं काही हाती लागावं, अशी यादी मुळातच वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

तशी एक पद्धत न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात घडली. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ या समीक्षकाने १९७१ साली तिथे वर्षातल्या उत्तम अल्बमसाठी मतदान घेतलं. ‘जॅझ अँड पॉप’ नावाचं एक मासिक होतं, त्याची अक्षरं उलटसुलट करून मतदानाला नाव दिलं ‘पॅझ अँड जॉप’. मधली दोन वर्षं खंड पडला, १९७४ पासून मात्र ते दरवर्षी होत राहिलं.

त्याचा नियम मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक समीक्षकाकडे शंभर गुण, ते दहा अल्बममध्ये वाटायचे. एकाला जास्तीत जास्त तीस, कमीत कमी पाच. म्हणजे एखाद्या अल्बमवर कुणा एकाचा मनापासून जीव जडला आणि त्याने तीस गुण दिले, तर ते पाच-पाच गुण देणाऱ्या सहा जणांच्या बरोबरीचे. बऱ्यापैकी आवडलेलं आणि झपाटून टाकणारं यांतला फरक बेरजेत उतरायचा. टेलिव्हिजन या बँडचा ‘मार्की मून’ अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दोनशे अल्बममध्येही आला नव्हता. १९७७ च्या या यादीत तो तिसरा होता.

१९८६ ची यादी तर मुद्दाम पाहावी अशी. पहिल्या क्रमांकावर पॉल सायमनचा ‘ग्रेसलँड’, दक्षिण आफ्रिकेतल्या वादक-गायकांना सोबत घेऊन केलेला. त्याच यादीत ‘द इन्डिस्ट्रक्टिबल बीट ऑफ सोवेटो’ हा संग्रहही आला: वर्णभेदी राजवटीत, तिथल्याच कलावंतांनी आपल्या लोकांसाठी गायलेलं म्बाकांगा संगीत. ‘ग्रेसलँड’ आवडलेल्या माणसाला त्या सुरांच्या मुळापर्यंत जायची वाट त्याच पानावर सापडत होती.

एकत्रित निकालापेक्षाही मला सुट्या मतपत्रिका महत्त्वाच्या वाटतात. समीक्षकांच्या मतपत्रिकाही छापल्या जात, पुढे इंटरनेटवर त्या सगळ्याच वाचता येऊ लागल्या. शेकडो जणांची बेरीज झाली की वरचे क्रमांक ओळखीच्याच नावांनी भरतात. दुर्लक्षित अल्बम एखाददुसऱ्याच मतपत्रिकेत असतो. आपली आवड जुळते असा समीक्षक शोधायचा, त्याच्या दहांतले सात आपल्यालाही आवडलेले असले तर उरलेले तीन आधी ऐकायचे. मी अजूनही याद्या अशाच वाचतो.

दुर्लक्षाचं एक कारण अगदी साधं आहे, ते म्हणजे तारीख. बऱ्याच याद्या डिसेंबरच्या सुरुवातीला, काही तर नोव्हेंबरातच तयार होतात. डी’अँजेलो या गायकाचा ‘ब्लॅक मसायाह’ १५ डिसेंबर २०१४ रोजी आला, तोवर कित्येक याद्या जाहीर झाल्या होत्या. ‘पॅझ अँड जॉप’चा निकाल जानेवारीत लागायचा, म्हणून तो तिथे थेट पहिला आला.

‘व्हिलेज व्हॉइस’ची छापील आवृत्ती २०१७ मध्ये थांबली, पुढच्या वर्षी नवं लेखनही बंद झालं. २०१८ च्या अल्बमसाठीचं मतदान तिथलं शेवटचं ठरलं. मात्र जॅझ समीक्षक फ्रान्सिस डेव्हिस यांनी २००६ साली त्याच साप्ताहिकात सुरू केलेलं जॅझचं स्वतंत्र मतदान ठिकाणं बदलत पुढे चालू राहिलं. त्यात पदार्पणाचे अल्बम आणि पुनर्प्रकाशित जुनी ध्वनिमुद्रणं यांचे विभाग वेगळे असतात, त्यामुळे कपाटात पडून राहिलेल्या टेपांनाही दाद मिळायला जागा आहे.