विशेष शाळा ते नोकरी: पुण्यातल्या मधल्या काळाची पार्श्वभूमी

विशेष शाळेतलं मूल 18 वर्षांचं झालं की एका महिन्यात त्याच्याभोवतीची बरीच व्यवस्था बदलते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 31 मोफत शिक्षणाची हमी देतं ती 6 ते 18 या वयासाठी. शाळेचं अनुदानही त्याच हिशेबानं चालतं. 18 नंतरच्यांसाठी कर्मशाळा (संस्थांनी चालवलेल्या, दिव्यांगांसाठीच्या कामाच्या जागा) आहेत, पण जागा थोड्या, आणि एकदा आत गेलेला तरुण सहसा बाहेर पडत नसल्यानं त्या रिकाम्याही होत नाहीत. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी लागते. मग मूल घरी बसतं. शाळेत शिकलेली वेळेवर उठण्याची, डबा घेऊन बाहेर पडण्याची सवय घरी बसल्यावर पहिल्यांदा जाते, आणि वर्षभरानं नोकरीची संधी आलीच तर शिकवण्याची सुरुवात पुन्हा तिथूनच करावी लागते.

ही फट कुणी मुद्दाम ठेवलेली नाही. महाराष्ट्रात साधी शाळा शिक्षण विभागाकडे, विशेष शाळा आणि कर्मशाळा वर्षानुवर्षं सामाजिक न्याय विभागाकडे आणि आयटीआय कौशल्य विभागाकडे. डिसेंबर 2022 मध्ये राज्यानं वेगळा दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. दिव्यांग कल्याण आयुक्तालय आधीपासून पुण्यातच आहे. तरीही शाळेचा शेवटचा दिवस आणि कामाचा पहिला दिवस यांच्या मधलं अंतर या विभागांपैकी कुणाच्याच कामाच्या यादीत नेमकं बसत नाही. हे असं का झालं ते समजायला पुण्यात पुनर्वसन कशातून सुरू झालं ते पाहावं लागतं.

सुरुवात फौजेपासून होते. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांना हाताला काम द्यावं म्हणून 1917 मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि पुढे ती खडकीला आली. 1944 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. इथं येणारा माणूस प्रौढ होता, त्यानं आधी काम केलेलं होतं, शिस्त अंगात होती. त्याला नवा हुन्नर शिकवला आणि प्रमाणपत्र दिलं की पुढचं तो पाहून घेई. ‘आधी पूर्ण शिकवा, मग कामाला पाठवा’ हा क्रम इथून रुळला. सैनिकांसाठी तो बरोबर होता. ज्यानं कधी कामाची जागाच पाहिलेली नाही, अशा सतरा वर्षांच्या मुलाला तो लागू पडेल का, हा प्रश्न तेव्हा कुणापुढे नव्हता.

अंधांच्या शिक्षणातही तोच क्रम आला. पुणे अंध शाळा 1934 ची, पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन 1952 ची. खुर्च्या विणणं, हातमाग, पुढे टेलिफोन ऑपरेटरचं प्रशिक्षण, हे त्या काळातले भरवशाचे धंदे. ऑपरेटरच्या नोकरीनं अंध तरुणांच्या एका पिढीला बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत पक्कं बसवलं. मग 1990 च्या दशकात ईपीएबीएक्स (कचेरीतले फोन आपोआप जोडणारी यंत्रणा) आलं, थेट नंबर लागू लागले आणि त्या खुर्च्या भरणं हळूहळू थांबलं. एखादाच व्यवसाय धरून सगळं प्रशिक्षण रचलं की असं होतं. आज स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) बेतलेल्या नोकऱ्यांचं दुखणं वेगळं: उमेदवार जॉज किंवा एनव्हीडीए यांसारखे स्क्रीन रीडर सफाईनं वापरतो, पण कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर त्याला प्रतिसाद देत नाही. बटणांना नावंच दिलेली नसतात. रुजू होण्याआधी त्या सॉफ्टवेअरवर तासभर बसून पाहिलं तर हे लगेच कळतं; सहसा ते रुजू झाल्यावर कळतं.

कर्णबधिर तरुणांची वाट तुलनेनं सोपी गेली. भोसरी-चाकणच्या जुळणीच्या कामात त्यांना जागा मिळत गेली. तिथं अडतं ते दुभाष्यावाचून होणाऱ्या सुरक्षा प्रशिक्षणात आणि फक्त आवाज करणाऱ्या धोक्याच्या घंटेत. घंटेला दिवा जोडणं हे एका इलेक्ट्रिशियनचं दुपारचं काम आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची गोष्ट सगळ्यात गुंतागुंतीची, आणि मधली फट सगळ्यात जास्त त्यांनाच सोसावी लागते. पुण्यात ‘कामायनी’ 1964 मध्ये सुरू झाली, तेव्हा मुळात ही मुलं शाळेत जाऊ शकतात हेच लोकांना पटवावं लागत होतं. पहिली तुकडी मोठी झाली तसे अशा शाळांना जोडून उद्योग केंद्रं आणि कर्मशाळा निघाल्या. पणत्या, मेणबत्त्या, राख्या, कागदी पिशव्या, फायली, फिनेल. दिवसभर बसायला सुरक्षित जागा मिळाली, पालकांना श्वास घेता आला. हे छोटं काम नव्हतं आणि आजही नाही. पण अर्थकारण पहिल्यापासून लंगडं राहिलं. पणत्यांची विक्री दिवाळीपुरती, राख्यांची श्रावणापुरती. गिऱ्हाईक दयेपोटी घेतं, दुसऱ्यांदा येतंच असं नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या कलम 26 मध्ये दिव्यांग कामगारांच्या वेतनाला कायद्यातून सूट देण्याचा अधिकार सरकारला दिला होता. यावरून त्या काळचा विचार दिसतो: या कामाला मजुरी नव्हे, मानधन. कर्मशाळेतून मिळणारी रक्कम कित्येक ठिकाणी घर ते केंद्र या रिक्षाभाड्याइतकीही भरत नाही.

दुसरी अडचण ‘अजून तयार नाही’ या शेऱ्याची. सिकंदराबादला 1984 मध्ये राष्ट्रीय मनोविकलांग संस्था स्थापन झाली. तिथल्या मूल्यमापन तक्त्यात मूल टप्प्याटप्प्यानं पूर्व-व्यावसायिक (कामाची तयारी करून घेणाऱ्या) गटापर्यंत येतं आणि 80 टक्के कौशल्यं आली की पुढच्या गटात जातं. तक्ता चांगला आहे, महाराष्ट्रातल्या शाळा तो वापरतात. पण त्याचा अर्थ ‘80 टक्के झाल्याशिवाय कामाचं नाव नको’ असा घेतला गेला आणि पैसे मोजता येत नाहीत म्हणून पॅकिंगचं काम नाकारलेली मुलं वर्षानुवर्षं पूर्व-व्यावसायिक गटातच राहिली.

हा क्रम उलटा करता येतो हे अमेरिकेत 1970 च्या दशकात दिसलं. मार्क गोल्ड यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना सायकलच्या 15 भागांच्या ब्रेकची जुळणी शिकवून दाखवली. जादू काही नव्हती. कामाचे बारीक तुकडे पाडले, भागांची मांडणी पक्की केली आणि बोलणं कमी केलं. 1984 मध्ये तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्यातल्या मॅडलिन विल यांनी शाळा आणि काम यांच्यामधला पूल ही कल्पना धोरणात आणली, 1990 च्या कायद्यानं प्रत्येक दिव्यांग मुलाच्या शैक्षणिक आराखड्यात वयाच्या 16 व्या वर्षापर्यंत कामाकडे जाण्याचा आराखडा घालणं बंधनकारक केलं. सूत्र असं: आधी जागा, मग तिथंच शिकवणं. आपल्या कायद्यात असा आराखडा वयाशी बांधून कुठंच आलेला नाही.

या पद्धतीत प्रत्यक्षात काय करतात ते एका साध्या कामावर पाहू. लघुउद्योगात एका पाऊचमध्ये 8 स्क्रू, 4 वॉशर, 2 ब्रॅकेट आणि एक पत्रक भरायचं आहे. मोजता येत नसलेल्या मुलासाठी लाकडी फळीवर 14 खळगे कोरतात, ब्रॅकेटचे दोन मोठे. डावीकडच्या ट्रेमधून एकेक वस्तू खळग्यात. एकही खळगा रिकामा नाही म्हणजे माल पूर्ण. फळी कलती करून नसराळ्यातून पाऊचमध्ये, वर पत्रक, मग सीलिंग. भरलेले पाऊच 25 कप्प्यांच्या क्रेटमध्ये, म्हणजे तिथंही मोजणी नको. बिघडतं कुठे? खळगा खोल झाला तर दोन स्क्रू एकावर एक बसतात. वॉशरला तेल असलं की दोन चिकटून एकच भासतात. ते आधी पुसून घ्यावे लागतात. पाऊचचं तोंड ताणून धरलं नाही तर सील चुरगळतं आणि माल परत येतो. आणि हमखास राहणारी गोष्ट म्हणजे क्रेट भरल्यावर काय करायचं हे शिकवलेलंच नसतं. मुलगा हात बांधून बसून राहतो आणि सुपरवायझर त्याला आळशी ठरवतो. रिकामं क्रेट कुठून आणायचं हा कामाचाच एक तुकडा आहे.

मदत कमी करत नेण्यालाही शिस्त लागते. आधी हाताला हात लावून, मग बोटानं दाखवून, मग नुसतं शेजारी उभं राहून. अडला की निदान पाच सेकंद थांबायचं. शाळेत ताई सतत बोलत असतात, ‘आता हे घे, शाब्बास, आता ते’, आणि मूल काम न शिकता ताईंचा आवाज ऐकायला शिकतं. कारखान्यात तो आवाज नसतो. म्हणून तोंडी सूचना सुरुवातीपासूनच जपून वापराव्यात. सगळ्यात उशिरा सुटते ती हीच मदत.

तरीही नोकरी सुटते ती बहुतेकदा कामामुळे नाही, कामाभोवतीच्या गोष्टींमुळे. कोथरूडहून भोसरीला जायचं तर वाटेत बस बदलायची वेळ येऊ शकते. प्रवास टप्प्यांनी शिकवतात: सोबत बसून, मग त्याच बसमध्ये दूर बसून, मग उतरण्याच्या थांब्यावर वाट पाहून. तो पाठ झाला की गणेशोत्सव येतो, रस्ते बंद होतात, पीएमपीएमएलचे मार्ग वळवले जातात आणि ठरलेल्या खुणा दिसल्या नाहीत की मुलगा गोंधळतो. मेट्रो या बाबतीत सोयीची, स्थानकं पुकारली जातात आणि मिरवणुकीसाठी मार्ग बदलत नाही. दुसरं, भोसरी-पिंपरी पट्ट्यात अनेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. घर आणि शाळा रविवारवर चाललेली. रविवारी सगळे घरी असताना आपणच का जायचं, हा वाद पहिल्या महिन्यात ठरलेला. सुपरवायझरची बदली हे तिसरं कारण, आणि सर्वांत दुर्लक्षित. जुन्यानं समजून घेतलेलं नव्याला कुणी सांगत नाही. म्हणून जॉब कोचनं, म्हणजे कामाच्या जागी जाऊन शिकवणाऱ्यानं, तीन महिन्यांनी निरोप घेऊन चालत नाही. भेटी विरळ कराव्यात, बंद करू नयेत. या भेटींचे पैसे मात्र कुठल्याही ठरलेल्या अनुदानात नसतात. प्रशिक्षण दिलेल्या माणशी पैसे मिळतात, दोन वर्षं टिकलेल्या नोकरीमागे नाही. संस्था प्रशिक्षणावरच का थांबतात याचं उत्तर यात आहे.

कायद्यानं मोठी मजल मारली ती सरकारी नोकऱ्यांत. 1977 मध्ये क आणि ड गटांत 3 टक्के राखीव जागा आल्या, 1995 च्या कायद्यानं त्यांना आधार दिला. पण त्या अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग या तिघांपुरत्या होत्या. 2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 21 केले, आरक्षण 4 टक्के केलं आणि चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना दिला. जानेवारी 2021 च्या केंद्राच्या यादीत 3566 पदं दिव्यांगांसाठी योग्य ठरवली आहेत. कागदावर हे मोठं वाटतं. मात्र स्पर्धा परीक्षा तीच राहिल्यानं चौथ्या टक्क्यातल्या जागा सौम्य अध्ययन अक्षमता किंवा मानसिक आजार असलेल्या, पदवीपर्यंत पोचलेल्या उमेदवारांच्या आवाक्यात येतात. विशेष शाळेतून निघालेला मुलगा त्या यादीपर्यंत जात नाही. त्याची आशा खासगी क्षेत्रावर. तिथं सक्ती नाही. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं समान संधी धोरण करावं आणि संपर्क अधिकारी नेमावा, इतकंच नियमांत आहे. 2008 मध्ये केंद्रानं दरमहा 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या दिव्यांग कामगारांसाठी मालकाचा पीएफ-ईएसआयचा (भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार विम्याचा) हिस्सा तीन वर्षं स्वतः भरण्याची योजना आणली. भोसरीतल्या छोट्या मालकाला ती आजही कुणीतरी समजावून सांगावी लागते.

घरातला अडसर वेगळाच, आणि त्याबद्दल मोकळं बोललं जात नाही. खडकी, देहूरोडच्या आयुध कारखान्यांतून किंवा लष्करी लेखा खात्यातून निवृत्त झालेल्या पालकांच्या दिव्यांग मुलाला आईवडिलांनंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण तो स्वतः उपजीविका करू शकत नाही या अटीवर. मुलाला पगार सुरू झाला तर ते जाईल, ही धास्ती पुण्यात घरोघरी आहे. पूर्वी उत्पन्नाची मर्यादा 9000 रुपये आणि त्यावरचा महागाई दिलासा इतकीच होती. 2021 मध्ये केंद्रानं ती सैल केली: मुलाचं एकूण उत्पन्न साध्या दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के अधिक महागाई दिलासा यापेक्षा, कमी असेल तर हक्क टिकतो. पॅकिंगच्या नोकरीचा पगार बऱ्याच घरांत या मर्यादेच्या आत बसू शकतो. पालकांनी शेवटच्या पगाराची स्लिप काढून आकडेमोड केल्याशिवाय नोकरीला नकार देऊ नये.

कागदपत्रांचा क्रमही आधीच लावून ठेवावा. 17 वं लागलं की यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) मुदत पाहायची. अध्ययन अक्षमतेत 18 ला पुन्हा तपासणी लागते, ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तारीख मिळायला वेळ जातो. प्रौढ मुलाच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 18 पूर्ण झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे होतो, आणि तो फक्त स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी. सही करता येणाऱ्या, पैशाचा व्यवहार थोडाफार कळणाऱ्या मुलासाठी तो सवयीनं करू नये. पगाराचं खातं आधी त्याच्याच नावानं उघडून पाहावं. नाव आधार, यूडीआयडी आणि बँकेत एकाच स्पेलिंगचं हवं, नाहीतर पीएफचं खातं अडकतं आणि पहिला पगार दोन महिने लांबतो.