मागच्या सीटचा नियम: शर्यतीच्या मस्टँग आणि कॅमेरोची पार्श्वभूमी

साठच्या दशकातली एखादी फोर्ड मस्टँग किंवा शेव्हरोले कॅमेरो शोधायची, सडलेला पत्रा कापून नवा लावायचा, इंजिन उतरवून पुन्हा बांधायचं आणि गाडी थेट ट्रॅकवर न्यायची, हा उद्योग आज अमेरिकेत आणि युरोपात जोरात चालतो. त्यावर एक ठरलेला आक्षेप असतो: जुनी गाडी कारखान्यातून निघाली तशीच ठेवावी, तिला हात लावू नये. या गाड्यांचा इतिहास पाहिला की आक्षेप अर्धाच खरा वाटतो. त्यांतल्या सर्वांत मोलाच्या गाड्या मुळात शर्यतीच्या नियमात बसाव्यात म्हणूनच बनल्या होत्या. त्यामुळे ‘शर्यतीचं स्पेसिफिकेशन’ म्हणजे मालकाची हौस एवढंच नसतं, त्यामागे त्या काळचे कागद असतात.

फोर्डने १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग बाजारात आणली. गाडी अफाट खपली. देखणेपणाखाली सांगाडा फाल्कन या साध्या घरगुती गाडीचा होता. तिला वेगवान गाडीची प्रतिष्ठा हवी होती आणि ती जाहिरातीतून मिळणारी नव्हती. फोर्डने कॅरल शेल्बीला गाठलं. टेक्सासचा हा माणूस एकेकाळी कोंबड्या पाळायचा. १९५९ मध्ये त्याने रॉय साल्वादोरीबरोबर ॲस्टन मार्टिन चालवून ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, पुढे हृदयाच्या दुखण्यामुळे चालवणं सोडलं आणि कॅलिफोर्नियात गाड्या बांधायला घेतल्या.

‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ म्हणजे एससीसीए. तिच्या नियमांनुसार स्पोर्ट्स कार दोन आसनांची असायला हवी होती आणि तशा किमान १०० गाड्या बनलेल्या दाखवणं भाग होतं. शेल्बीने मागची सीटच काढून टाकली. फोर्डच्या सॅन होजे कारखान्यातून पांढऱ्या फास्टबॅक (छप्पर शेपटीपर्यंत उतरत जाणाऱ्या) मस्टँग मागच्या सीटशिवायच त्याच्याकडे येऊ लागल्या आणि तपासणीच्या वेळी शंभर गाड्या ओळीने उभ्या होत्या. आणखी एक अट होती. रस्त्यावरच्या गाडीच्या तुलनेत शर्यतीच्या गाडीत इंजिन बदला किंवा सस्पेन्शन बदला, दोन्ही नाही. शेल्बीने सस्पेन्शनचे बदल रस्त्यावरच्या गाडीतच करून टाकले, म्हणजे शर्यतीसाठी इंजिनाला हात लावायची मुभा शिल्लक राहिली. शेल्बीच्या या मस्टँगमध्ये, म्हणजे १९६५ च्या जीटी३५० मध्ये, साध्या ग्राहकाला शर्यतीचं सस्पेन्शन मिळालं ते या हिशेबामुळे.

त्यातला एक बदल जवळून पाहण्यासारखा आहे. मस्टँगचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे उभे डबे दिसतात, त्यांना शॉक टॉवर म्हणतात. पुढच्या सस्पेन्शनची वरची आर्म तिथे बोल्टने बसते. फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांनी मांडलेली कल्पना अशी होती की ही भोकं एक इंच खाली घ्यायची. बस्स, तेवढंच. वळणावर गाडी झुकते तेव्हा बाहेरच्या बाजूचं टायर कडेवर न जाता जमिनीवर सपाट बसून राहतं आणि पकड वाढते. आजही मस्टँग ट्रॅकसाठी बांधणारा माणूस टेम्प्लेट धरून, खूण करून, ड्रिल मशीनने हीच भोकं पाडतो. त्याआधी टॉवरच्या तळाशी गंज किंवा वेल्डच्या भेगा तर नाहीत ना, हे बघावं लागतं. पत्रा सडलेला असेल तर नव्या भोकांचा उपयोग नाही, ताण घेणारी मूळ जागाच कमकुवत असते.

जीटी३५० च्या रस्त्यावरच्या गाडीत २८९ घनइंचांचं, म्हणजे ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन ३०६ अश्वशक्ती द्यायचं. फोर्डच्या मूळ इंजिनाची क्षमता २७१ होती. फक्त शर्यतीसाठी बांधलेल्या आर-मॉडेल गाड्या ३६ निघाल्या. त्यांत काचांऐवजी प्लेक्सिग्लास, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, होती, मागच्या प्लेक्सिग्लासच्या वरच्या कडेला आतली हवा बाहेर पडायला फट ठेवलेली होती, आणि पुढे फायबरग्लासचा भाग बसवून रेडिएटरकडे जास्त हवा नेली होती. १४ फेब्रुवारी १९६५ रोजी टेक्सासच्या ग्रीन व्हॅली ट्रॅकवर शेल्बीचा ड्रायव्हर केन माइल्सने पहिल्याच शर्यतीत गाडी जिंकून आणली. त्या वर्षीचं एससीसीएच्या बी-प्रॉडक्शन गटाचं राष्ट्रीय विजेतेपद जेरी टायटसने जीटी३५० चालवूनच मिळवलं.

पण मागची सीट काढल्याची किंमत पुढच्याच वर्षी मोजावी लागली. १९६६ मध्ये एससीसीएने ट्रान्स-ॲम मालिका सुरू केली, ती चार आसनांच्या सेडान गाड्यांसाठी. दोन आसनांच्या जीटी३५० ला तिथे प्रवेश नव्हता. मग शेल्बीच्या लोकांनी साधी, मागची सीट असलेली नॉचबॅक (मागे वेगळी डिकी दिसणारी) मस्टँग घेतली आणि तिलाच जीटी३५० चे भाग लावले. सेब्रिंगची पहिली शर्यत योखेन रिंटने छोट्या अल्फा रोमिओत जिंकली. शेवटी रिव्हरसाइडला टायटस जिंकला आणि उत्पादकांचं विजेतेपद फोर्डकडे गेलं. आज दुर्लक्षित नॉचबॅक घेऊन तिची शर्यतीची गाडी करणारे नेमके याच परंपरेत येतात, हे फास्टबॅकच्या वेडात बरेच जण विसरतात.

ट्रान्स-ॲमच्या मोठ्या गटात इंजिनाची मर्यादा ५ लिटर, म्हणजे ३०५ घनइंच होती. शेव्हरोलेकडे त्या मापाचं इंजिन नव्हतं आणि तिची मालक कंपनी जनरल मोटर्सच्या धोरणात कारखान्याने उघडपणे शर्यतीत उतरणं बसत नव्हतं. शेव्हरोलेतल्या व्हिन्स पिगिन्सने वाट काढली. ३२७ घनइंचांच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये २८३ च्या इंजिनाचा क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरणारा दांडा) बसवायचा: बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३ इंच, क्षमता ३०२ घनइंच. हाच कॅमेरोचा झेड/२८ पर्याय. १९६७ मध्ये अशा फक्त ६०२ गाड्या बनल्या. छोट्या स्ट्रोकचं हे इंजिन वरच्या आरपीएमला खुलतं, खाली मात्र मरगळलेलं वाटतं. घरून ऑफिसला जाण्यासाठी ते कोणीच आखलं नसतं.

या कॅमेरो गाजवल्या रॉजर पेन्स्केच्या संघाने आणि त्याचा ड्रायव्हर मार्क डोनोह्यूने. डोनोह्यू शिकलेला इंजिनिअर होता आणि ते कामात दिसायचं. वजन घटवण्यासाठी त्यांनी बॉडी ॲसिडमध्ये बुडवून पत्राच पातळ केला. पिट-स्टॉपला वेळ वाचावा म्हणून ब्रेकचे पिस्टन व्हॅक्यूमने मागे ओढायची सोय केली, म्हणजे नवे पॅड पटकन बसत. १९६८ मध्ये १३ पैकी १० शर्यती डोनोह्यूने जिंकल्या आणि १९६८, १९६९ ही दोन्ही विजेतेपदं शेव्हरोलेला मिळाली.

फोर्डने १९६९ मध्ये मस्टँगचीच बॉस ३०२ ही आवृत्ती काढली आणि १९७० मध्ये बड मूरच्या संघातून पार्नेली जोन्सने विजेतेपद परत आणलं. त्या एका हंगामात फोर्ड, शेव्हरोले, पॉन्टिॲक, डॉज, प्लिमथ आणि एएमसी अशा सहा कंपन्यांच्या गाड्या एकमेकांना भिडल्या. अमेरिकी रोड रेसिंगमध्ये तसा हंगाम मला दुसरा दिसत नाही. त्याच उन्हाळ्यात जेरी टायटस रोड अमेरिका ट्रॅकवर जखमी झाला आणि ऑगस्टमध्ये गेला. मग ओहोटी लागली. विम्याचे हप्ते चढले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने इंजिनं आवळली, १९७३ मध्ये तेलसंकट आलं. १९७१ आणि १९७२ ची विजेतेपदं एएमसीच्या जॅव्हेलिनने घेतली तोवर बहुतेक कारखाने निघून गेले होते.

उरलेल्या गाड्या म्हणजे जुना माल. त्या हातोहात विकल्या गेल्या, स्थानिक शर्यतींत झिजल्या, कापल्या गेल्या, रंगावर रंग चढत गेले. त्यांना पुन्हा मान मिळाला तो ऐतिहासिक शर्यतींमुळे. १९७४ मध्ये स्टीव्ह अर्ल यांनी कॅलिफोर्नियात लागुना सेका ट्रॅकवर मॉन्टेरे हिस्टॉरिक शर्यती सुरू केल्या. पुढे ट्रान्स-ॲम गाड्यांचा वेगळा गट झाला. तिथे त्या काळात प्रत्यक्ष धावलेली, पुरावा असलेली गाडीच लागते आणि ती त्याच रंगात, त्याच बांधणीत आणावी लागते. इथे रिस्टोरेशन करणाऱ्यापुढे अवघड प्रश्न येतात. ॲसिडने पातळ झालेला, आता फाटू लागलेला मूळ पत्रा ठेवायचा, की जाड नवा घालून गाडी सुरक्षित करायची? मला विचाराल तर वाचवता येईल तितका जुना पत्रा ठेवावा आणि बदललेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद करावी. त्या पत्र्यातच संघाची अक्कल दिसते.

युरोपात वाट थोडी निराळी आहे. तिथे एफआयए या जागतिक मोटर-शर्यत संस्थेच्या ऐतिहासिक नियमांनुसार साधी मस्टँगही त्या काळच्या होमोलोगेशन (शर्यतीसाठीच्या मान्यतेच्या) कागदांत नोंदलेल्या भागांनिशी बांधता येते. कागदात नाही ते लावता येत नाही. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा), फोम भरलेली इंधनाची टाकी, हार्नेस (शर्यतीचे पट्टे), आग विझवण्याची यंत्रणा या आजच्या गोष्टी मात्र सुरक्षेसाठी येतात, आणि त्यात कोणी हात आखडता घेऊ नये.

अस्सल गाड्या आता बहुतेकांच्या आवाक्यापलीकडे आहेत. ग्रीन व्हॅलीला जिंकलेली ती ५आर००२ क्रमांकाची मस्टँग २०२० च्या लिलावात ३८.५ लाख डॉलरला गेली. म्हणून सामान्य हौशी माणूस सहा सिलिंडरची थकलेली कूपे, म्हणजे साधी नॉचबॅक, घेऊन सुरुवात करतो, आणि तेच योग्य आहे. मूळ इंजिन आणि मूळ पत्रा शाबूत असलेली के-कोड मस्टँग (२७१ अश्वशक्तीचं इंजिन कारखान्यातूनच आलेली) किंवा खरी झेड/२८ कापून केज घालणं मला पटत नाही. तशा गाड्या आता नव्याने बनणार नाहीत, आणि गंजलेल्या कूपेवर केलेलं काम ट्रॅकवर तितकंच पळतं. शेल्बी अमेरिकन ऑटोमोबाइल क्लब १९७५ पासून खऱ्या गाड्यांचा माग क्रमांकानिशी ठेवत आला आहे. त्यामुळे आपल्या कूपेचा चॅसी नंबर आहे तसाच ठेवावा, विकताना ती प्रतिकृती आहे हे कागदावर लिहून द्यावं, आणि आर्मची भोकं कधी, किती खाली घेतली तेही त्याच कागदावर यावं.