भ्रामरी प्राणायाम

ओठ मिटून, श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव करण्याचा प्राणायाम. हठयोगातील आठ कुंभकांपैकी (श्वास रोखण्याच्या प्रकारांपैकी) एक. मन शांत करण्यासाठी तो सर्वत्र केला जातो. नाव ‘भ्रमर’ शब्दावरून. जुन्या कौलारू घराच्या वाशात गोल भोक पाडणाऱ्या काळ्या भुंग्याचा सलग, खर्जातला आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

स्वात्मारामाच्या हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथात (साधारण १५ वे शतक) पूरक (श्वास घेणे) वेगाने व ‘भृंगनादा’सह (भुंग्याच्या नादासह), तर रेचक (श्वास सोडणे) मंद मंद व ‘भृंगीनादा’सह (भुंगीच्या नादासह) करावा असे सांगितले आहे. म्हणजे आवाज श्वास घेतानाही आहे. आज तो बहुधा सोडतानाच काढतात. श्लोकात कुंभकाचा उल्लेख नाही. भ्रामरी मुळात कुंभकच असल्याने तो वेगळा सांगितला नाही, हे या ग्रंथावरील ज्योत्स्ना टीकेतील ब्रह्मानंदाचे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. घेरंडसंहिता या हठयोगाच्याच दुसऱ्या ग्रंथातील (बहुधा १७ व्या शतकाची अखेर किंवा त्यानंतर) विधी मात्र निराळा. मध्यरात्र उलटल्यावर, जीवजंतूंचा शब्द येत नाही अशा जागी, कान हातांनी बंद करून पूरक-कुंभक करायचा आणि उजव्या कानात आतले नाद ऐकायचे: आधी रातकिड्याचा, मग बासरीचा. येथे नाद काढायचा नसून ऐकायचा आहे. त्यामुळे घेरंडाची भ्रामरी नादानुसंधानाशी (आतल्या नादावर मन लावण्याच्या साधनेशी) अधिक जवळची मानणे योग्य. कान मिटून गुंजारव करण्याच्या आजच्या पद्धतीत दोन्ही वर्णने एकत्र आलेली दिसतात.

कान मिटल्यावर स्वतःचा आवाज हाडांतून अधिक भरून ऐकू येतो. ‘म’कार लांबवताना दात किंचित विलग ठेवले, तर कंप टाळूपासून कपाळापर्यंत जाणवतो. रेचक आपोआप लांबतो, श्वासाची गती उतरते. मन निवण्याचे एक कारण हेच. गुंजारवाने नाकातील नायट्रिक ऑक्साइड हा वायू साध्या उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट वाढते, असे स्वीडनमधील संशोधकांना २००२ मध्ये आढळले. कान दुखत वा वाहत असताना कान दाबू नयेत.

गोव्यात हरमल, मांद्रे, आगोंद, पाटणे या किनाऱ्यांवर पर्यटन हंगामात योगवर्ग चालतात. तेथे भ्रामरी शिकवली जाते. या वर्गांचे बांबू-झावळ्यांचे तात्पुरते मांडव पावसाआधी उतरवले जातात. घेरंडाला हवी तशी निःशब्द रात्र गोव्याच्या आषाढात मिळणे कठीण. बेडूक आणि रातकिडे पहाटेपर्यंत थांबत नाहीत. म्हणून दार लावून पहाटे बसणेच सोयीचे.