कुत्रा लांडग्याचा वंशज, म्हणून नुसतं कच्चं मांस पुरतं?

“कुत्रा मुळात लांडगाच, त्याला कच्चं मांस द्या, बाकी काही लागत नाही,” असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. वंशज असल्याचं खरं, पण निष्कर्ष चुकीचा. लांडगा शिकारीचे नुसते स्नायू खात नाही. यकृत, हृदय, हाडंही खातो. शिवाय माणसासोबत राहून कुत्रा बदलला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या पाचक रसातल्या घटकाच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. शिजवलेलं धान्य त्याला परकं नाही.

खरा धोका कॅल्शियमचा. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. कुत्र्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं. ते मिळालं नाही की शरीर हाडांतून काढून घेतं. पिल्लांची हाडं यात वाकतात, मोडतात. हे सहज टाळता येतं, म्हणूनच जीव तुटतो.

मध्यम आकाराच्या कुत्र्याला कच्चं खाणं द्यायचंच असेल, तर पाकिटावर ‘संपूर्ण व संतुलित’ असं लिहिलेलंच घ्या, आणि ते कोणत्या वयासाठी आहे हेही वाचा. रोज वजनाच्या २ ते ३ टक्के हा ढोबळ हिशेब प्रौढ कुत्र्यापुरता. पिल्लाला तो लावू नका.

गोठवल्याने कच्च्या मांसातला साल्मोनेला (जुलाब, ताप आणणारा जीवाणू) मरतो, हाही गैरसमजच. ठणठणीत दिसणारा कुत्राही विष्ठेतून तो पसरवू शकतो. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मांस शिजवूनच द्या, आणि हाडं आधी काढा, कारण शिजलेल्या हाडांच्या अणकुचीदार कपच्या आतड्याला इजा करू शकतात.